पावसाचे देव उपाशी परतले

प्रिय विल्बेर्त,

फोनवर तू मला हसवतोस, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की मी पुन्हा कशाला तरी हो म्हणून बसले. म्हणून या वेळी कागद. तुझा शब्द मध्ये येणार नाही आणि माझा मला नंतर फिरवता येणार नाही.

तात बरे आहेत. जेवतात, कोंबड्यांवर ओरडतात. पण अकरा मार्चपासून शेतात गेलेले नाहीत. तारीख डायरीत पाहून लिहिते आहे, कारण तू म्हणतोस की म्हातारा चार दिवस रुसलाय. चाळीस दिवस झाले, विल. त्या दिवशी तुमच्या हॉटेलच्या किनाऱ्यावर तू होतास, पण मागे स्पीकरपाशी, आणि माया भाषा आता तुला अर्धीच कळते. टोचायला लिहीत नाही, खरंच अर्धीच कळते. मी तातांच्या शेजारी उभी होते.

आपलं ठरलं होतं की तिथे नुसती नक्कल करायची. वेदी खरी दिसेल, तेरा वाट्या मांडू, पण त्यांत मक्याच्या पेयाऐवजी साधं पाणी असेल. धूप जळेल, तात काहीतरी पुटपुटतील, पण पावसाच्या देवांची नावं घेणार नाहीत. नावं घेतली की ते येतात आणि आले की त्यांना वाढावं लागतं. म्हणून तर त्यांनी मला तिथे उभं राहू दिलं. गावासाठी ते शेतात पाऊस मागतात तेव्हा बाईने त्या बाजूला फिरकायचंही नसतं. सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी वेदी जवळून पाहिली नव्हती. "ये गं नेइदी, इथे कुणी येणार नाहीये," तात हसून म्हणाले, आणि समोर दीडशे माणसं खुर्च्या टाकून बसली होती.

किनाऱ्याला समुद्रशेवाळ लागलं होतं. सकाळपासून ट्रॅक्टर उपसत होते तरी सडका वास जात नव्हता, म्हणून तुमच्या इबार्रा साहेबांनी धूप वाढवायला सांगितला. तातांनी मूठभर टाकला. खऱ्या विधीला टाकतात तेवढाच. मग त्यांचा आवाज बदलला. पन्नास वर्षं जीभ ज्या वाटेने गेली त्याच वाटेने ती निघाली. पूर्वेकडच्या देवाला हाक गेली, मग उत्तरेकडच्या, मग पश्चिमेकडच्या. दक्षिणेशी आल्यावर त्यांना कळलं आणि ते थांबले. वाट्यांत पाणी. खड्ड्यात भाजलेली भाकरी नाही, कोंबडी नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "आता मी यांना काय वाढू?" पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, काय म्हणाले ते? आणि मी, वर्गात पोरं खोटं बोलली की त्यांना उभं करणारी मास्तरीण, माईकवर म्हणाले, "ते तुम्हा सर्वांना आशीर्वाद देत आहेत." टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास.

तू म्हणशील, ताई, तू विज्ञान शिकवतेस, तुला हे पटतं? खरं सांगू, मला माहीत नाही. बऱ्याचदा नाही पटत. पण तातांनी कुणाला तरी मनापासून घरी बोलावलं आणि उपाशी परत पाठवलं, एवढं मला माहीत आहे, आणि ते करायला लावणारे आपण दोघं होतो. तुझा निरोप मी त्यांना सांगितला, की पुढच्या वेळी नीट पाठ करून या. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, तुझ्या हॉटेलात शंभर माणसं जेवायला बोलाव आणि स्वयंपाकघराला कुलूप लाव. मग बघू कोण काय पाठ करतं ते."

हॉटेलचा करार मीच त्यांना वाचून दाखवला होता. "पाहुण्यांसाठी छोटीशी प्रार्थना" असं सांगितलं. "वर्षभर, दर शनिवारी" ही ओळ मी वाचली नाही. विसरले असं इतके दिवस डायरीतही लिहीत आले. विसरले नव्हते. तुझी बढती त्यावर होती आणि मला तुझा अभिमान वाटत होता.

तर काल मी हॉटेलच्या कचेरीत गेले आणि तातांच्या वतीने नकार लिहून दिला. तातांनी खाली स्वतः नाव लिहिलंय, या वेळी प्रत्येक ओळ ऐकून. इबार्रा म्हणाले, "दुसरा म्हातारा आणू." म्हटलं, आणा, पण आमच्या म्हाताऱ्याचा फोटो फाटकावरून आत्ता उतरवा. उद्या बघू म्हणाले. मी खुर्चीत बसून राहिले. शिपायाने शिडी आणून फोटो उतरवला तेव्हाच उठले. मी निघताना इबार्रा म्हणाले, "बाई, भावाच्या नोकरीचा तरी विचार करा." केला होता, विल. विचार करून गेले होते. सोमवारी ते तुला बोलावतील. माफी माग म्हणाले तर तुझ्यापुरती माग. माझ्या नावाने मागू नकोस.

येत्या शनिवारी, तुमच्या कार्यक्रमाच्याच वेळेला, तात शेतात वेदी मांडणार आहेत. अकरा मार्चला बोलावलेल्यांना जेवू घालायला. खड्डा खणायला, भाकऱ्या पुरायला घरचा पुरुष लागतो. शेजारचे दोघे एलेउतेरिओ, बाप आणि मुलगा, तयार आहेत, पण तातांनी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. परवा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मला विचारलं, "विल शनिवारी मोकळा असतो का गं?" मी म्हटलं, नसतो, तात, तुम्हाला माहीत आहे. ते बराच वेळ दाणेच टाकत राहिले. मग म्हणाले, "तरी विचार."

म्हणून विचारते आहे.

तुझीच,
नेइदी