हुपरीत सांगितलेली बोटीची गोष्ट

आज्जा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं उगाच आशा लागायला नको. तुम्हाला जाऊन तीन वर्षं होतील. लोक म्हणतात मेलेल्या माणसावर राग धरू नये. जिवंतपणी तुमच्यावर धरलेला कुठं टिकत होता? तुम्ही बिडी ओढत बसून राहायचात आणि मी एकटाच ओरडून दमायचो.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत ज्याचा त्याचा आज्जा तालमीत नाहीतर पलटणीत. माझा एकटा बोटीवर. तीही लढाईची बोट नव्हे, मालाची, आणि तिच्यातही तुम्ही पार तळाला, बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारे. महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली तरी आमच्या घरात ते चालूच होतं. घरातल्या एकाही दाराला कडी लावू द्यायचा नाहीत. टॉर्पेडो बसला की बोट पिळवटते, दार अडकतं आणि माणूस आत राहतो, म्हणून तिकडं दारं आकड्यानं उघडी बांधून ठेवायचे म्हणे. तिकडं ठीक हाय. कोल्हापुरात पाणबुडी कुठनं येणार होती, रंकाळ्यातनं? त्या उघड्या दारांपायी आईची आणि माझी भांडणं सगळ्या गल्लीला पाठ झाली. बाप लवकर गेला, म्हणून बापाच्या जागी तुम्ही, आणि तुमच्या तोंडी कायम बोटीवरचं एकच: आपली चाल, म्हणजे वेग, किती ती खरी सांगायची. गणितात नापास झालो तरी तेच, तालमीत मार खाऊन आलो तरी तेच.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, ते तुम्हाला ठाऊक होतं. वर्गातला एकजण तिच्याबद्दल घाण बोलला, मी त्याचं नाक फोडलं. माफी लिहून दे, प्रिन्सिपल म्हणाले. मी ओळखपत्र टेबलावर फेकलं आणि बाहेर आलो. आज सांगायचं तर आजही फेकीन. ती माझ्याच वर्गातली, हुपरीहून रोज एस्टीनं यायची. घर लिंगायत, आत कानडी चालायचं, बाहेर मराठी. वडलांचा चांदीच्या पैंजणांचा धंदा घरातच. ती बोलताना मधेच थांबून मराठी शब्द शोधायची आणि तो सापडेपर्यंत माझ्याकडं बघत राहायची. त्या बघण्यासाठी मी काय काय केलं असतं, ते लिहीत नाही. तुम्ही हसाल.

मग तिला सांगलीचं स्थळ आलं. ती एसटीडी बूथवरनं फोनवर म्हणाली, अप्पांनी अजून सुपारी फोडलेली नाही, यायचं तर आत्ताच ये, पण वडीलधारं माणूस घेऊन ये, एकट्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. माझ्याकडं वडीलधारं म्हणजे तुम्ही. दोन दिवस तुमच्या पाठीमागं फिरलो. तुम्ही पेटीतनं काळा कोट काढलात, टोपी झटकलीत आणि चल म्हणालात. एस्टीत मी तुम्हाला पढवत होतो: पोरगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हाय, शिरोली एमआयडीसीत नोकरी पक्की झालीय, एवढंच बोलायचं. तुम्ही खिडकीतनं ऊस बघत होता. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मला वाटलं, ठरलं.

तिचे अप्पा तसे वाईट नव्हते. बाहेरच्या खोलीत कारागीर बसून पैंजणांना घुंगरं डाग देऊन जोडत होते, त्यांना उठवून आपल्याला आत घेतलं, चहा आला. जातीचा विषय त्यांनी काढला नाही. इतकं म्हातारं माणूस एवढ्या लांबनं आलंय म्हटल्यावर ऐकून घ्यायची तयारी होती त्यांची, मला दिसत होतं. त्यांनी विचारलं, "पावणं, पोरगा करतोय काय?"

आणि तुम्ही बशीतला चहा संपवून म्हणालात, "सध्या काय करत न्हाई. कालिज सोडलंय. हात लगेच उचलतोय. मनानं वंगाळ न्हाई, पर चाल कमी हाय. उगंच वाढवून सांगून तुमच्या पोरीला मी पाण्यात न्हाई घालणार."

आतल्या दाराचा पडदा हलला. मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही बशी पालथी घालत होता. अप्पांनी कप बाजूला सारला. म्हणाले, असं खरं बोलणारं माणूस आजकाल भेटत नाही, पण पावणं, मग आमचं जमायचं न्हाई. राग नको. तुम्ही म्हणालात, राग कशाचा? झालं. तेवढ्यात उठायचं ना? तर त्यांनी विचारलं, पाण्यात घालणार न्हाई म्हणालासा, म्हणजे काय? आणि तुम्ही मांडी ठोकून बसलात. माझं लगीन बुडालं आणि तुम्ही तिथंच बोटीची गोष्ट सुरू केलीत.

मला ती पाठ होती, तरी ऐकावी लागली. बंदरात साहेबानं विचारलं, तुमची बोट किती धावते? भरधाव बोटींचा ताफा वेगळा, संथ बोटींचा वेगळा. भरधाव ताफा पाणबुड्यांच्या पाण्यातनं लवकर बाहेर पडतो, म्हणून तुमच्या कप्तानानं बोटीची चाल वाढवून सांगितली. निघाला ताफा. रांगा धरून बोटी, पोटात गहू, तेल, दारूगोळा, आणि कडेनं लढाऊ बोटी फिरतायत, मेंढरांभोवती धनगराची कुत्री फिरतात तशा. अंधार पडला की बिडीसुद्धा पेटवायची नाही. लांब कुठं पाण्यात बॉम्ब फुटला की तळाच्या पत्र्यावर घण बसल्यासारखा आवाज. खाली तुम्ही सगळे फावड्यानं कोळसा ओढताय, कोळसा भुसभुशीत, धूर काळाकुट्ट. धुरानं पाणबुडीला वाट सापडते म्हणून वरनं शिव्या, आणि धूर आवरावा तर बोट मागं पडते म्हणून परत शिव्या. तळहाताची कातडी फावड्याला चिकटून यायची. पुढच्या बोटीवरचा दिवा लुकलुकत होता, रांगेत या, रांगेत या. नंतर तोही बंद झाला. ताफा कुणासाठी थांबत नाही, थांबला तर सगळेच जातात. सकाळी तुम्ही वर येऊन बघता तर चारी अंगाला नुसतं पाणी, एक बोट नाही. दुपारी टॉर्पेडो बसला. तुमची पाळी संपली होती म्हणून तुम्ही वर होता. खाली भट्टीवर होते ते खालीच राहिले. "बोट किती धावतीया हे खालच्या पोरांस्नी ठाऊक हुतं," तुम्ही म्हणालात, "पर त्यांना कुणी इचारलंच न्हाई."

अप्पांनी दुसरा चहा मागवला. मी उठलो आणि सरळ स्टँडवर चालत गेलो. कशाला थांबू? कुठल्यातरी समुद्रात कोण कप्तान खोटं बोलला, त्याची भरपाई मी हुपरीत करायची? मी काय गव्हाची बोट होतो? तुम्ही ताफ्यातले नव्हताच, आज्जा. माझ्या बाजूनं रांगेत चाललोय असं दाखवून पाण्याखालनं तुम्हीच मारलात. तुम्ही बऱ्याच वेळानं मागनं आलात. मला वाटलं, तिसरा चहा घेतला असणार.

तिचं लग्न झालं, सांगलीलाच. मी शिरोलीत एका फाउंड्रीत लागलो. तुम्हाला सांगायला लावलेलं नोकरीचं खोटं खरं झालं, फक्त उशिरा, आणि कुणाच्या कामाचं राहिलं नाही. तुमच्याशी वर्षभर लागेल तेवढंच बोललो. मग तुम्ही गेलात.

आता हे लिहायचं कारण. मागच्या आठवड्यात ती मला कोल्हापूरच्या स्टँडवर भेटली. सांगलीच्या गाडीची वाट बघत होती, हातात पिशवी, जरा जाड झालेली. मला बघून तिनं आधी तुमचं विचारलं. माझं नव्हे, तुमचं. वारले म्हटल्यावर ती बाकावर बसली आणि भर स्टँडवर पदर तोंडाला लावून रडली. मला, खोटं कशाला सांगू, तुमचा हेवा वाटला. मग ती म्हणाली, त्या दिवशी निघताना आज्जा मागच्या दाराला आले होते. मी भांडी घासत होते. मला म्हणाले, "बाळ, तुला ह्याच्यासंगट यायचं हाय का, खरं सांग. तू हो म्हणालीस तर मी परत आत जाऊन तुझ्या अप्पांचं पाय धरतो. थांब म्हणालीस तर ह्याला थांबायला सांगतो."

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

ती माझ्याकडं बघत राहिली, मराठी शब्द शोधताना बघायची तशी नव्हे. म्हणाली, "त्यांनी तुला सांगितलं न्हाई?" मी मानेनंच नाही म्हटलं. "म्हणजे इतकी वर्षं तू..." एवढंच म्हणाली. सांगलीची गाडी लागली होती. ती उठली आणि पिशवी उचलून चढली. मी खिडकीखाली उभा राहिलो, पण तिनं खाली बघितलं नाही.

म्हणजे सगळ्या हुपरीला माझं खरं सांगणारे तुम्ही, आणि तुम्हाला मला एक खरं सांगता आलं नाही? वर्षभर एका घरात, एका ताटलीतली चटणी खात होतो की आपण. तिनं थांब म्हटलं होतं का? की नको म्हटलं होतं आणि तुम्हाला माझी दया आली? काय असेल ते घेऊन गेलात. हेच विचारायला लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता ती परतीची एस्टी आठवली. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, टोपी मांडीवर. कोल्हापूर येईपर्यंत दोनदा तोंड उघडलंत. पहिल्यांदा मी तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा म्हणालो, एक शब्द बोललासा तर इथंच उतरतो आणि परत घरात पाय ठेवत न्हाई. तुम्ही टोपी घातलीत आणि गप्प बसलात, ते शेवटपर्यंत.

हे कुठं टाकणार? टपालपेटी तुमच्याकडं जात नाही. राग आहेच, तो राहू दे. फक्त एवढं सांगायचं राहिलं होतं, आज्जा, की मी उतरणार नव्हतो. नुसतं म्हणालो होतो.