सातवं कडवं

६ मार्च २०१२

लायब्ररीतली पिपा आली होती. गावातल्या जुन्या टवाळ कवितांचं पुस्तक काढतेय! सगळ्यात आधी हवं माझ्या क्लेमचं ‘दोराचं स्तोत्र’. मी सहा कडवी धडाधड म्हणून दाखवली.

धन्य आमचा दोर! त्याला काळोखातही रंग दिसे,
गावात डॉक्टर नसला तरी दोर मात्र हवाच असे.

पिपा खळखळून हसली. मग म्हणाली, "कत्तलखान्यातले म्हातारे म्हणतात, सात होती. तुम्हाला येतं का हो सातवं?"

"नाही बाई."

बोर्डिंगमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्या मुलीची मान ताठते. दुपारपासून दुखतेय.

७ मार्च

पपांचं सिनेमाचं थिएटर आठवत बसले. शनिवारचा खेळ. संत्र्याच्या साली, ओल्या लोकरी कोटांचा वास, पडदा उजळला की पोरांचा गलका! पुढच्या तीन रांगा नदीकाठच्या वस्तीवरच्या काळ्या माणसांच्या. त्यांच्यामागे आडवा दोर, मग आम्ही गोरे. बोर्डिंगमधून सुट्टीला आले की दोर मी बांधायचे. चौदा वर्षांची होते. पपा म्हणायचे, "बर्नी, तुझ्यासारखी गाठ कुणाला जमत नाही गं." केवढा अभिमान वाटायचा!

पपा वाईट नव्हते. नाताळात सगळ्या पोरांना फुकट आइस्क्रीम. दोन्हीकडच्या.

दोन्हीकडच्या — हे लिहिलं आणि पेन थांबलं.

९ मार्च

सातवं इथे लिहिते. इथे कोण वाचणार आहे!

गाठ सुबक, रिबिनीची, नन्सनी शिकवलेली —
नजर मात्र छतावरच्या पंख्याला चिकटवलेली.

कत्तलखान्याच्या चहाच्या खोलीत क्लेम कविता टाचायचा, नाव न घालता. फोरमन फाडायचा. तोवर सगळ्यांची पाठ! सातवं आमच्या घरापर्यंत पोचलं तेव्हा मी तीन दिवस खोलीबाहेर आले नाही.

आणि पुढे लग्न केलं ते त्याच क्लेमशी. लग्नाच्या जेवणात त्याच्या मित्रांनी हट्ट धरला — "स्तोत्र होऊन जाऊ दे रे!" त्यानं सहा म्हटली. थांबला. माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं, पबमध्ये, जत्रेत, कुठेही — सहाच. आपलं सगळ्यात धारदार कडवं माझ्यासाठी गिळलं त्यानं. एवढी मोठी भेट मला कुणी दिली नाही. तो जाऊन पाच वर्षं झाली. सहाव्यानंतरचं ते थांबणं अजून ऐकू येतं.

११ मार्च

चर्चमध्ये मासला गेले. लक्ष लागलं नाही. पुस्तकात सहाच गेली, तर दोर आपोआपच बांधला जायचा असं होईल.

पण पपा! पण क्लेम! त्यानं झाकलं ते मी उघडू?

१२ मार्च

पिपाचा फोन. शुक्रवारी पुस्तक छपाईला जातंय.

उद्या डॉटला विचारते. डॉट पेंडर, वस्तीवरची. दोराच्या पुढे बसायची. आता दर गुरुवारी आम्ही दोघी क्लबच्या हिरवळीवर बोल्सचे गोळे घरंगळवतो, एकमेकींना शिव्या घालतो. दोराबद्दल बावीस वर्षांत एक शब्द नाही.

१३ मार्च

सांगून टाकलं. "डॉट, मला सातवं येतं. पिपाला देऊ का?"

"येणारच! तुझ्यावरच आहे की," चहा ढवळत म्हणाली.

"क्लेमनं माझ्यासाठी —"

"बर्नी, क्लेम कुठे बसायचा गं?"

"मागे. बाल्कनीत."

"मग त्याला दिसायची तुझी पाठ. मागे वळलं की तोंड दिसायचं आम्हाला."

ती पुढे बोलत राहिली. "पंधरा वर्षांची होते. रक्ताचे एप्रन धुवायचे मी तिथे, कत्तलखान्यात. भिंतीवर सहा वाचली. म्हटलं, पोरगा हुशार आहे, पण एक राहिलंय. साबणाच्या कागदावर लिहिलं आणि तुझ्या क्लेमच्या हातात दिलं. घे अजून एक बिस्किट. अशी काय बघतेस?"

बिस्किट घेतलं. चव कळली नाही.

जी भेट मी इतकी वर्षं उराशी धरली, ती द्यायला कडवं क्लेमचं नव्हतंच.

१४ मार्च

सकाळीच पिपाला सातवं सांगितलं. खाली नाव — डॉट पेंडर.

मग डॉटला फोन केला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"क्लेमनं म्हणायचं सोडलं ना," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं कडवं नीट जमलं नसेल."