नाव वेगळं, माल वेगळा

३ मार्च
आजपासून आईच्या गोळ्या माझ्या ताब्यात. ताई फोनवर म्हणाली, आईच्या औषधांकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं. कुणीतरी कशाला? कारखान्याचं स्टोअर रिटायर होईपर्यंत सांभाळलं, एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. आईची सिस्टीम म्हणजे बिस्किटांचा डबा आणि त्यात कोंबलेली पाकिटं. बघवत नाही.

४ मार्च
खणाखणांची पेटी आणली. सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून सकाळ, दुपार, रात्र अशा भरल्या. पाकिटं कचऱ्यात. आई कुरकुरली, मी पाकिटावरून ओळखते रे. म्हटलं, आता ओळखायचंच कशाला, मी आहे ना! रिकामा डबा उचलून आत गेली. खूश झाली असावी.

५ मार्च
आईचं नवीन खूळ. म्हणे, डॉक्टरांनी बीपीची जुनी गोळी बंद करून दुसरी दिली आहे. पाकिटं फेकण्याआधी मी स्वतः वाचलंय, दोन्हींची नावं वेगळी. नाव वेगळं म्हणजे माल वेगळा, हे स्टोअरमधलं शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही चालू ठेवल्या. बायको म्हणाली, औषधवाल्याला विचारा तरी. मी विचारू? औषधवाल्याला?

८ मार्च
आईला चक्कर. ऊन फार आहे.

९ मार्च
परत चक्कर. पाणी पीत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. गोळी मात्र एकही चुकलेली नाही. त्याचं कौतुक कुणाला नाही.

११ मार्च
सकाळी आई बाथरूमच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? ऐटीत पेटी उघडली. म्हणाले, यातली बीपीची कुठली? म्हटलं, पांढरी, गोल. बघतो तर निम्म्या पांढऱ्या, गोल. शेवटी बायको औषधवाल्याकडे जाऊन नावं घेऊन आली. दोन्ही गोळ्यांत औषध एकच, कंपन्या दोन. बीपी पार खाली गेलं होतं. एकच माल दोन नावांनी विकतात, लाज कशी वाटत नाही!

पेटीचं झाकण मला तीनदा लावूनही लागेना. तिथला एसी फार.

डॉक्टर चढ्या आवाजात म्हणाले, गोळ्या देतं कोण? मी सिस्टीम समजावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "माझी मीच घेते. माझाच घोटाळा झाला." मग डॉक्टर तिलाच बोलले. मी मध्ये पडलो नाही. आजारी माणसाला चारचौघांत खोटं कशाला पाडा?

१२ मार्च
ताई आली. माझ्याशी बोलत नाही. प्रवासाने दमली असेल. घरी गेल्यावर प्रत्येक खणाला लेबल लावायचं ठरवलंय.

१३ मार्च
ऑपरेशन उद्या. नर्सने गोळी माझ्या हातात दिली, म्हणाली, द्या तुमच्या आईंना. मी गोळी आणि पाणी पुढे केलं. आई माझ्याकडे बघून हसली. मग तिने हळूच नर्सकडे पाहिलं. नर्सने मान डोलावली, तेव्हा कुठे तोंड उघडलं. फार लागलं मनाला.

तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता म्हणून नर्सला विचारलं, असं लिहिणार होतो. चष्मा होता.