फडताळावरचा अरबी समुद्र

९ ऑक्टोबर १९५५, रविवार

आज मुंबईला प्रोफेसर त्र्यंबकरावांकडे गेलो होतो. मी कॉलेजात त्यांचा विद्यार्थी होतो हे त्यांना तिसऱ्या भेटीत आठवलं. एका परदेशी जहाजाने अरबी समुद्राच्या तळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा दांडा काढला, त्याचे तुकडे त्यांच्याकडे आले आहेत. प्रत्येक तुकड्यातला थोडा गाळ बाटलीत भरून मला दिला. काम असं: गाळ धुवायचा, भरड कण वेगळे करायचे, वजन लिहून पाठवायचं. निष्कर्ष काढू नका, असं दोनदा म्हणाले. मोठी माणसं अशीच परीक्षा घेतात.

जानेवारीत एक मदतनीस नेमायचा विचार आहे, असंही म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं हे खरं, पण माझ्याकडे बघून म्हणाले.

तत्त्व सोपं आहे. दांड्यातला वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. तळाचं पाणी जोरात वाहत असेल तर बारीक गाळ वाहून जातो आणि भरड कण मागे राहतात. पाणी संथ असेल तर सगळं तिथेच बसतं. म्हणजे भरड कणांचं वजन केलं की हजारो वर्षांपूर्वी समुद्राच्या पोटातलं पाणी कसं वाहत होतं ते समजतं. इतकी वर्षं हे कोणाला नीट जमलं नाही. अर्थात ठाण्यातून कोणी प्रयत्नच केला नव्हता.

११ ऑक्टोबर, मंगळवार

संशोधनाला चांगला उजेड लागतो. घरात तो एकाच ठिकाणी येतो, स्वयंपाकघरातल्या फडताळावर. बाटल्या तिथे मांडल्या. लोणच्याच्या बरण्या आणि पापडाचे डबे जमिनीवर ठेवले.

सरोजशी लग्न होऊन सात वर्षं झाली, पण विज्ञानाबद्दल तिला अजून आदर नाही. समुद्र कुलाब्याला आहे तेवढा पुरे नाही का, तो टेंभी नाक्यावर कशाला आणलात, असं म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. मौनात वजन असतं. नंतर जमिनीवरच्या बरणीला माझाच पाय लागला. लिंबाचं लोणचं होतं.

१६ ऑक्टोबर, रविवार

बाटल्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या कणकेच्या खळीने चिकटवल्या होत्या. झुरळांनी खळ खाल्ली. सकाळी सगळ्या चिठ्ठ्या खाली पडलेल्या.

काही बिघडत नाही. बाटल्या ओळीने आहेत. डावीकडे सगळ्यांत वरचा गाळ, उजवीकडे सगळ्यांत खालचा. क्रम आहे तर नंबर कशाला? नंबर विसराळू माणसांसाठी असतात. डिंक आणायचा बेत रद्द केला.

३० ऑक्टोबर, रविवार

पेठेतल्या सोनाराचा जुना तराजू मिळवला. सगळ्या बाटल्यांतला थोडा थोडा गाळ मलमलीतून धुतला, वाळवला, तोलला. कशाचा कशाला मेळ नाही. भरड, बारीक, बारीक, पुन्हा भरड, मध्येच एकदम पीठ. समुद्र म्हणजे काय आमच्या शाळेतली नववी अ आहे?

दोनच शक्यता. तराजू वाईट आहे किंवा समुद्राला शिस्त नाही. माझ्या हाताचा प्रश्न येत नाही. गुरुवारी पुन्हा तोलणार.

३ नोव्हेंबर, गुरुवार

डोकं दुखत होतं. उद्या नक्की.

५ नोव्हेंबर, शनिवार

घरात दिवाळीची साफसफाई निघाली. सरोजने डोक्याला फडकं बांधलं आणि मला माळ्यावर चढायला सांगितलं. संशोधकाच्या छातीत धूळ जाणं बरं नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. शाळेला सुट्टी लागलीच आहे, तेव्हा डोंबिवलीला हेमाकडे चाललो. धाकट्या बहिणीला भावाची आठवण येत असणारच. निघताना सरोजला बजावलं, बाटल्यांतला एक कणही सांडता कामा नये.

९ नोव्हेंबर, बुधवार

परत आलो. हेमाचे यजमान गेले चार दिवस ऑफिसातून फार उशिरा येत होते, त्यामुळे त्यांना माझं काम नीट समजावता आलं नाही.

घर लख्ख झालं आहे. फडताळही. बाटल्या घासूनपुसून चकाचक. गाळ सांडला का, विचारलं. एक कणसुद्धा नाही, म्हणाली, आणि हसली. बायको हळूहळू विज्ञानाकडे वळते आहे.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. सगळ्या बाटल्या पुन्हा तोलल्या. डावीकडे सगळ्यांत भरड, मग त्याहून थोडं कमी, मग आणखी कमी, असं करत उजवीकडे निव्वळ पीठ. एकही बाटली ओळ सोडत नाही. ग्राफ काढला तर पट्टीने ओढल्यासारखी रेघ!

म्हणजे पूर्वी तळाचं पाणी जवळजवळ थांबलेलं होतं आणि तेव्हापासून त्याचा जोर सतत वाढतो आहे. मला टाळी द्यायला घरात कोणी नव्हतं. सरोज चकल्या तळत होती.

१३ नोव्हेंबर, रविवार. पहिली अंघोळ

बंब पेटवायला कागद हवा होता. ३० ऑक्टोबरची वजनं त्यात घातली. चुकीचे आकडे घरात ठेवणं धोक्याचं.

२० नोव्हेंबर, रविवार

थिअरी पूर्ण झाली. नाव माझंच: हरिहर प्रवाह. मी दुसरं नाव शोधत होतो, पण हेच जिभेवर बसतं. प्रोफेसरांना ग्राफ पाठवला. निष्कर्ष काढू नका म्हणाले होते, म्हणून निष्कर्ष फक्त सहा पानांत काढले. प्रवाहाचा जोर असाच वाढत राहिला तर पुढच्या काही हजार वर्षांत मुंबई बंदराचं काय होईल, याकडे सरकारचं लक्ष वेधावं असंही सुचवलं. घाई नाही, पण आत्तापासून विचार व्हावा.

२८ नोव्हेंबर, सोमवार

राजीनामा दिला. जानेवारीत मदतनीस म्हणून रुजू व्हायचं तर शाळेला आधी कळवायला नको? प्रोफेसरांचं पत्र अजून आलेलं नाही. नेमणुकीचे कागद वेळ घेतात.

राजीनामा बारा पानी झाला. शाळा का सोडतो हे समजण्यासाठी आधी समुद्र समजणं भाग आहे. म्हणून अकरा पानं तळाच्या प्रवाहावर, ग्राफसकट, आणि शेवटच्या पानावर नोकरीचं. गुणाजी शिपायाने हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सरोजला अजून सांगितलेलं नाही. एकदम नेमणुकीचं पत्रच तिच्या हातात ठेवीन.

५ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर शाळेत मान ताठ ठेवून वावरतो आहे. वह्या तपासणं सोडून दिलं. कोणी काही बोलत नाही. धक्का बसला असणार.

आज हेडमास्तर प्रभाकरपंत जिन्यात भेटले. तुमचं मिळालं, चांगलं उतरलं आहे, जरा लांबलंय, सहदेव मास्तर शुद्धलेखन बघताहेत, असं म्हणून घाईने निघून गेले. राजीनाम्याचं शुद्धलेखन तपासणारी ही जगातली पहिलीच शाळा असेल. अशा संस्थेत मी नऊ वर्षं काढली.

१२ डिसेंबर, सोमवार

प्रोफेसरांचं पत्र आलं. निसर्गात इतकी सरळ रेघ मी आजवर पाहिलेली नाही, येत्या रविवारी येऊन बाटल्या बघतो, असं लिहिलं आहे. नेमणुकीबद्दल काही नाही. ते समक्षच सांगणार, हे उघड आहे. सरोजला शिरा करायला सांगितलं. बेदाणे जास्त.

१८ डिसेंबर, रविवार. दुपारी चार

प्रोफेसर येऊन गेले.

आधी बराच वेळ ते फडताळासमोर उभे राहिले. मग म्हणाले, मांडणी फार सुरेख आहे. मी नम्रपणे मान झुकवली. तेवढ्यात सरोज शिऱ्याच्या बशा घेऊन आली. कधी नव्हे ते तिच्या कामाचं कोणी कौतुक केलेलं, ती खुलली आणि म्हणाली, "मीच लावल्यात. दिवाळीत सगळ्या खाली काढून पुसल्या ना. आधी एक पांढुरकी, एक काळपट, मध्येच करडी, कशाही होत्या. डोळ्यांना बरं दिसेना. मग फिकटापासून गडदापर्यंत ओळीने लावल्या."

प्रोफेसरांनी बशी खाली ठेवली. फिकट गाळात शिंपल्यांचा चुरा जास्त, म्हणून तो भरड, आणि काळपट म्हणजे नुसता चिखल, असं अगदी हळू म्हणाले. मग विचारलं, आधीचा क्रम कुठे लिहिलेला आहे का. मी म्हणालो, चिठ्ठ्या होत्या, त्या झुरळांमुळे. त्यांनी विचारलं, पहिली वजनं? मी म्हणालो, बंबात.

ते हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या. मी मदतनिसाचा विषय काढला, तर म्हणाले, तो नोव्हेंबरातच नेमला. जाताना सरोजला म्हणाले, शिरा उत्तम होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चूक कोणाची हे शांतपणे पाहिलं पाहिजे. एक, सरोज. दोन, झुरळं. तीन, प्रोफेसर, कारण त्यांनी नंबर काचेवरच कोरून द्यायला हवे होते. चौथं नाव आठवत नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

मला भीती वाटते आहे. एक जानेवारीपासून मी कुठेच कामाला नाही. दिवसभर वर्गात हेच डोक्यात होतं.

२० डिसेंबर, मंगळवार

सरोजला राजीनाम्याचं सांगितलं. आधी तिच्या फडताळ लावण्याने काय झालं तेही ऐकवलं, जरा जोरातच. ती रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. तिने पोळ्या लाटणं थांबवलं आणि म्हणाली, "तुमचं काम बघायला लोक येतील, म्हणून लावल्या हो नीट. मला दुसरं काय कळणार त्यातलं? पण नोकरी सोडायची होती, तर ते मला कळलं असतं. तेवढं तरी विचारायचं."

मी जमिनीवरच्या लोणच्याच्या बरण्या उचलून फडताळावर ठेवल्या.

२२ डिसेंबर, गुरुवार

राजीनामा परत मागायला गेलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून नेलं होतं. प्रभाकरपंतांनी मला खुर्ची दिली आणि शाळेचा वार्षिक अंक समोर ठेवला. ताजा छापून आलेला. पान तीन ते अकरा, 'अरबी समुद्राच्या तळाचा इतिहास', लेखक श्री. हरिहर, विज्ञान शिक्षक. माझी सरळ रेघसुद्धा चित्राचा ब्लॉक करून छापली आहे.

मी विचारलं, शेवटचं पान? ते म्हणाले, शेवटी काहीतरी खाजगी होतं, तितकं वाचलं नाही, जागेअभावी गाळलं. राग मानू नका. आणि वह्या का तपासल्या नाहीत, पालक विचारताहेत.

म्हणजे मी राजीनामा दिला हे या शाळेत एकाही माणसाला माहीत नाही. महिनाभर माझी ताठ मान कोणाच्या लक्षातही आली नाही. जिना उतरताना पाय हलके वाटले आणि अपमानही वाटला. घरी येऊन सरोजला सांगितलं. ती देवापाशी दिवा लावायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

४ जानेवारी १९५६, बुधवार

नववी अ. सगळ्यांच्या हातात अंक. हेडमास्तरांनी हा लेख वर्गात वाचून घ्यायला सांगितलं आहे. एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचला. चांगला वाचला. रेघेपाशी आल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. सर, तळाचा गाळ कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, हे तुम्ही कसं ओळखलं, असं त्याने विचारलं.

मी म्हणालो, हा भाग परीक्षेला नाही. सगळ्यांनी पान उलटलं.