समई आणि कलम ३०३

लालबाग, ८ सप्टेंबर २०२५

चि. सीमास, गंगुमावशीचे अ. उ. आ.

मोबाइल असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, आमच्या चाळीतली भिंत म्हणजे पुठ्ठा. इकडे बोललं की शेजारची सुभद्रा तिकडे ऐकते. आणि तक्रार तिचीच आहे.

गणपतीला गावी जाताना किल्ली नेहमीसारखी तिच्याकडे दिली, तिन्हीसांजेला दिवा लावायला. परत आले तर देवापुढची समई गायब! माझ्या सासूबाईंची ती. सुभद्रा नजर चुकवते. प्रसाद दिला तर हात मागे घेतला. चोराच्या मनात चांदणं! तिच्या लेकाचा, मयूरचाही मला भरवसा नाही. तू वकील, चोरीचं कलम ३७९ ना? अर्ज कसा लिहू ते कळव. फोन मात्र करू नकोस.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
गंगुमावशी

ठाकूरद्वार, ११ सप्टेंबर

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

३७९ जुन्या दंड संहितेतलं. गेल्या वर्षीच्या जुलैपासून न्याय संहिता आली, तिच्यात चोरी ३०३ मध्ये. आकडा बदलला, अर्थ तोच. वस्तू हलली एवढ्याने चोरी होत नाही. हलवणाऱ्याचा हेतू बेइमानीचा लागतो. किल्ली तर तूच दिलीस. आधी तिला विचार तरी! मयूरच्या विमानतळावरच्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी चालू आहे, हे तूच कौतुकाने सांगितलं होतंस. आता त्याचं नाव चौकीत गेलं तर ती नोकरी हातची जाईल. माझ्यावर रागाव हवं तर, पण चौकीची पायरी चढू नकोस.

माझ्यावरचा लोभ थोडा सुभद्रामावशींकडेही वळव.
सीमा

लालबाग, १७ सप्टेंबर

चि. सीमास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. मला दम कुठला! मी शनिवारीच चौकीत जाऊन आले. संशय कोणावर विचारलं, मी मयूरचं नाव दिलं.

आज सकाळी सुभद्रा आली. हातात समई, चिंचेने लखलखीत घासलेली. बंद खोलीत लाकडी जमिनीवर ज्योत नको म्हणून तिने ती आपल्या घरी नेऊन रोज लावली. मग गावी तिचा चुलतदीर वारला. सुतकात देवाची वस्तू कशी शिवणार, प्रसाद कसा घेणार? मला चाळीत कोणी सांगितलं असेलच, असं तिला वाटलं. मी तर दारच लावून घेतलेलं.

मग ती रडायलाच लागली. मयूरला शुक्रवारी चौकीत बोलावलंय, कोणा मेल्याने त्याचं नाव घातलंय म्हणाली. तुमचा शब्द मानतील, सोबत याल का, असं मलाच विचारलं.

मी हो म्हटलंय. तिथे तिच्यासमोर खरं सांगेन. लाज वाटते गं. तू ये, वकील म्हणून नको, माझा हात धरायला. फोनच करणार होते, पण भिंतीपलीकडे ती ऐकेल, म्हणून हे पत्र हातोहात पाठवतेय.

लोभ कर म्हणायलाही तोंड नाही,
गंगुमावशी