एका रांगेतली चोवीस दारं

भिलाई, सेक्टर दोन
ता. १२ जून १९६०

ती. सौ. बेबीताईले, हिरालालचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तर मी म्हणत होतो ना, ट्रेसिंग पेपरवरची रेघ एक दिवस भिंत होते म्हणून? झाली! दिवाळीत गोंदियाले आलो तेव्हा तू हसली होती, म्हणे की रेघोट्या मारायचा पगार भेटते का रे. आता ये न पाह. जी लाइन मी माझ्या हातानं शाईनं ट्रेस केली, त्याच लाइनीत मले क्वार्टर भेटला. सतरा नंबर. चोवीस क्वार्टर, चोवीस हिरवी दारं, एकाले झाका न दुसरं काढा. आमच्या ऑफिसात याले स्टँडर्डायझेशन म्हणतात. तुले नाही समजणार, तू आपली बटन दाब, लाइट लागते.

मायले घेऊन आलो. गावचं घर देवरावकाकाले देऊन टाकलं. त्याच्या सुनेचं बाळंतपण आहे, त्याहिले जागा लागतच होती. निघताना माय काही बोलली नाही, म्हणून मी समजलो खुश आहे.

भाऊजीले नमस्कार. माया आहेच तुझी, ती पत्रातूनही येत राहू दे.

तुझा,
हिरालाल


गोंदिया, रेल्वे क्वार्टर
ता. ५ जुलै १९६०

चि. हिरालाल यास, ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात चोवीस दारं आहे, पण माय कुठी आहे? मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवून बाबानं तुले साहेब केलं, पण माणसाची खबर लिहाची अक्कल नाही दिली.

तुझ्या भाऊजीसंग इंजनावर असणारा चिंधू फायरमन गाडी घेऊन दुर्गले गेला होता, तो तुमच्या घरी जाऊन आला. म्हणे भर दुपारी आतून कडी. मायनं तीनदा नाव विचारलं, मंग दार उघडलं. बाजारात जात नाही का म्हटलं तं पाय दुखते म्हणाली. तीन गावचे बाजार पायी करणाऱ्या बाईचे पाय चार खोल्यांत कावून दुखते रे? खरं काय झालं ते लिह.

इकडं ये असा निरोप मी धाडला होता. तुले तिचं माहीतच आहे, लेकीच्या घरचं पाणी तिले चालत नाही. बारक्याच्या बारशाले आली तं दोन दिवस आपल्याच शिदोरीवर राहिली, न पाणी स्टेशनच्या नळाचं पेली, म्हणे तो नळ सरकारचा आहे, जावायाचा नाही. हसू आलं तेव्हा. आता नाही येत. गावचं घर तू देऊन बसला, माझं तिले चालत नाही. तुझंच एक उरलं बाप्पा, ते तरी तिले आपलं वाटू दे.

तब्येत सांभाळजो, रागावू नको न ताईले विसरूही नको.

तुझी,
बेबीताई


भिलाई
ता. २१ ऑगस्ट १९६०, रविवार दुपार

ती. सौ. बेबीताईले, हिरालालचा नमस्कार. वि. वि.

रागावलो नाही. लाज वाटून राहिली होती म्हणून उशीर.

जूनमधे माय बाजारातून भाजी घेऊन आली, न एकोणीस नंबरात शिरली. तिथं एक बंगाली फिटर राहते. मायनं पिशवी ठेवली, वांगे चिरले, शेगडी पेटवली. फिटरची बायको न्हाणीतून बाहेर आली तं मायनंच तिले दटावलं की तू कोण वो, आमच्या घरात कायले न्हाऊन राहिली? पूरी लाइन हसली. पोट्टे अजूनही विचारतात, माताजी, घर मिला क्या? त्या दिवसापासून कडी. आकडे तिले वाचता येत नाही, न दारं तं मीच सारखी काढली.

तुझं पत्र आल्यावर मी आयडिया केली. खूण म्हणून दाराले कडुलिंबाची डगाल बांधली. माय निघाली ना बाहेर! पहिल्या क्वार्टरातल्या गयाबाईकडं बसाले जाऊ लागली, हातात लसूण सोलायले घेऊन. मी ऑफिसात छाती फुगवून सांगितलं, प्रॉब्लेम सॉल्व्ह.

मंग हरेली आली. हा इथला सण. त्या दिवशी राऊत, म्हणजे गाई राखणारा, दारोदारी कडुलिंब खोचून जाते. मले काय माहीत? चोवीस दारं, चोवीस डगाली. माय चार वेळा रांग फिरली, न कोणाले विचारलं नाही, कारण विचारलं की हसतात. ड्यूटीवरून आलो तं मायबाई सडकेच्या कडेले बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, पाहुणीसारखी.

दुसऱ्या दिवशी तिनं गेरू मागितला. दाराच्या दोन्हीकडं आपले पंजे उठवले, खिडकीखाली बैलजोडी काढली. म्हणे माझा हात तं कोणाच्या हातासारखा नाही ना. आता एकटी बाजारात जाते, न येताना मले भाव सांगते! तिचं पाहून फिटरच्या बायकोनं उंबऱ्यासमोर पांढरी वेलबुट्टी काढली, छत्तीसगढी बायांनी मोर काढले. चोवीसमधले तेरा क्वार्टर रंगले.

परवा आमचे ओव्हरसियर राउंडवर आले. मले बोलावून म्हणतात, लाइन तुझीच आहे, तुले पाठ आहे, तर खराब केलेल्या भिंतींचे नंबर लिहून दे, येत्या शनिवारपर्यंत. ज्याचा नंबर त्याच्या भिंतीले चुना. दुसऱ्यांदा रंगवलं तं क्वार्टर खाली. माझी नोकरी अजून पक्की झाली नाही, क्वार्टर गेला तं मायले कुठी नेऊ?

आता यादी पुढ्यात घेऊन बसलो आहे. बारा जणांचे नंबर लिहून झाले, फिटरचाही लिहिला. सतरा लिहिला तं माय पुन्हा कडीत. नाही लिहिला तं ते बाकी बारा जण सकाळ-संध्याकाळ आमचीच रंगवलेली भिंत पाहत जातीन. कोराच कागद द्यावा तं साहेबाले डोळे आहे.

आता माय जवळ येऊन बसली, विचारते की काय काढून राहिला? मी म्हटलं, नकाशा. तं म्हणते, त्यात आपलं घर आहे का?

ताई, तुझी माया आहे म्हणून तुलेच विचारतो, लगेच लिहजो: तू माझ्या जागी असती तं काय लिहिलं असतं?

तुझा,
हिरालाल