व्याहीबुवांची पाणी तपासायची पेटी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, गुरुवार

श्री. अमृतराव व्याहीबुवा यांस लातूरहून मडिवाळप्पा हालकुडे याचे शरणु शरणार्थ.

आपली आणि विहीणबाईंची तब्येत ठणठणीत असेल, आपले गुडघे जिन्याशी जमवून घेत असतील आणि नांदेडची हवा आपल्याला मानवत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे काय ते पुढे येईलच.) घरात फोन असताना पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण आपल्याकडे फोन आला की विहीणबाई तो स्पीकरवर टाकतात, आणि इकडे मी फोनवर बोलायला लागलो की खाली दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा मान डोलावतं. काही गोष्टी मुलीच्या कानावर न जाता लिहिलेल्या बऱ्या.

आपली सून मंजुश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या मागोमाग टेम्पोतून काचेची टाकी, कॅनमधलं खारं पाणी, पंप, दिवे, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे आणि आपण स्वतःच्या हाताने बांधून दिलेली पाणी तपासायची पेटी, असा सगळा संसार उतरला. लोकांच्या मुली येताना साड्या आणतात, आमची समुद्र घेऊन आली. "सूनबाईंचा जीव त्यात रमतो, न्या सोबत," हा आग्रह आपलाच, आणि तो योग्यच होता. मंजूचं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलं आहे. ते आणखी चढलं तर लगेच भरती करून घेऊ, दिवस भरायची वाट बघणार नाही, असंही बजावलं आहे. मन शांत ठेवायचं, हेच औषध. म्हणून ती कॉटवर पडून मासे बघते, मासे तिच्याकडे बघतात आणि प्रेशर जागेवर राहतं. तेव्हा हे मासे जगणं आमच्या घरात किती गरजेचं आहे, ते आपण जाणताच.

(डोहाळजेवण झाल्यापासून बारशापर्यंत जावयाने सासुरवाडीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही आपल्या घरची जुनी रीत. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.)

टाकी आल्या दिवशी शेजारच्या पार्वतम्मा जिन्यातूनच ओरडल्या, "काय वं रत्नम्मा, लिंगायताच्या घरात मासे आणलेत म्हणं?" आमच्या हिने त्यांना हाताला धरून वर आणलं आणि मासे जिवंत आहेत, पाहुणे आहेत, आणि त्यांना आम्ही खाणार नसून उलट आम्हीच त्यांना खायला घालणार आहोत, हे समजावून सांगितलं. पार्वतम्मांनी पाण्यात बोट घालून चाटलं आणि त्यांना धक्काच बसला. त्यांचंही बरोबर आहे. ज्या गावात नळाला पाणी आलं म्हटल्यावर माणसं लग्नाची पंगत सोडून घरी पळतात, तिथे आम्ही चांगलं फिल्टरचं पाणी विकत आणतो आणि त्यात विकतचंच मीठ कालवतो. आता गल्लीत माझी ओळख 'मिठाच्या पाण्याचे हालकुडे' अशी झाली आहे. माझ्या मॅचिंग सेंटरचं नाव व्हायला अर्धं आयुष्य गेलं, हे नाव एका दुपारी झालं.

आता मूळ मुद्दा, आपली पेटी. आपण रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आपल्या पेटीला नाव ठेवण्याची माझी काय छाती! पण नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, थोडं थांबायचं आणि आलेला रंग कार्डाशी जुळवायचा, म्हणजे पिवळा आला तर पाणी स्वच्छ आणि हिरवा आला तर अमोनिया नावाचं विष, हे ऐकल्यावर मला हसूच आलं. अहो, रंग जुळवणं हा तर माझा धंदा! साडीच्या काठातला एक धागा दाखवा, मी डोळे मिटून तागा काढतो. आपल्या कार्डावर पिवळा एकच. माझ्याकडे लिंबू, हळदी, आंबा, मोहरी, केवडा असे पिवळेच इतके आहेत की नव्या नोकराला ते शिकता शिकता लग्नाचं वय होतं. मी नळी धरली आणि म्हणालो, लिंबू. म्हणजे स्वच्छ. तेवढ्यात मागून आमची ही म्हणाली, "अवो, डोळे फुटले का? ह्यो लिंबू न्हाई, पोपटी हाय. उजेडात नेऊन बघा की." म्हणून गिऱ्हाइकाला नेतो तशी नळी खाली दुकानाच्या दारात उन्हात नेली. तिथे फॉल-पिकोला आलेल्या एका बाई नळीकडे बघून म्हणाल्या, "ह्याच रंगाचा ब्लाउजपीस दाखवा." दाखवला. त्या घेऊनही गेल्या. पण पाणी स्वच्छ की विषारी, हे काही ठरलं नाही.

म्हणून मी हैदराबादहून दुसरं किट मागवलं आणि ऑनलाइन तिसरं. तीन नळ्या, एकच पाणी. आपली पेटी म्हणाली पोपटी, हैदराबादचं किट म्हणालं गर्द हिरवा (आमच्या भाषेत बाटली) आणि तिसरं म्हणालं पिवळाधमक. मग मी तिन्ही किटांची परीक्षा घेतली. पिण्याच्या जारमधलं पाणी घातलं, तर हैदराबादच्या किटाने तेही विष ठरवलं. तिसऱ्यात फरशी पुसलेल्या बादलीतलं गढूळ पाणी घातलं, तर ते म्हणालं, छान, स्वच्छ. इथल्या क्लासवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एक मास्तर सगळ्यांना नापास करतो आणि दुसरा बाकालाही मेरिटमध्ये आणतो. राहिली आपली पेटी. ती पोपटीच्या खाली किंवा वर जायलाच तयार नाही, काहीही घाला. शेवटी चष्मा लावून बाटलीचं बूड वाचलं. व्याहीबुवा, राग मानू नये, तिची मुदत मुलांच्या लग्नाआधीच संपलेली आहे.

गंमत इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मंजूला रोज सकाळी नळी हातात लागते. हिरवा दिसला की ती मासे मोजते, पुन्हा मोजते (दोनच तर आहेत), आणि मग प्रेशरचं यंत्र लावलं की आकडा वर. एका सकाळी आकडा इतका वर गेला की मी रिक्षाच बोलावून ठेवली. मला फार भीती वाटली, हे आपल्याला मोकळेपणाने लिहितो. तेव्हा मी एक युक्ती केली. (त्या वेळी आमच्या हिची संमती होती. आता ती नाही म्हणते.) स्वयंपाकघरातली चिमूटभर हळद पाण्यात कालवली, वस्त्रगाळ केली आणि नळीत ओतली. असा सुंदर पिवळा आला की कार्ड छापणाऱ्याने येऊन शिकावं. जिना चढताना नळीत केवडा होता. कॉटपाशी पोहोचेपर्यंत लालभडक झाला.

नळी मी विसळली नव्हती. बाटलीतलं औषध तळाशी राहिलं होतं, ते हळदीला लागलं. मंजूने नळीकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग माझ्या पिवळ्या बोटांकडे. "आप्पा, ह्ये काय हाय?" मी म्हणालो, नवीन किट. ती म्हणाली, "हळदीला चुना लागला की कुंकू होतंय. ह्ये मला मामंजींनीच शिकवलंय!" आणि व्याहीबुवा, पोरगी अशी हसायला लागली की आमची ही "अगं, पोटाला जप, पोटाला जप" म्हणत धावली आणि स्वतःच हसत खाली बसली. कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला. त्यानंतर यंत्र लावलं तर आकडा असा खाली आला की मी ते पार्वतम्मांना लावून तपासलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे काही केलंत ते चालू ठेवा. काय केलं, ते मी सांगितलं नाही.

आणि परवा त्या विषारी पाण्यात, तिन्ही किटांच्या नाकावर टिच्चून, माशांनी अंडी घातली! टाकीत शहाबादी फरशीचा तुकडा टाकला आहे, त्यावर केशरी ठिपक्यांची अख्खी रांगोळी. मी आनंदाने पेढे आणायला निघालो होतो. मंजू काचेला नाक लावून बघत होती. ती म्हणाली, "आप्पा, अंडी नर राखतो. मादी नुसती फिरती. त्यो पंखांनी वारा घालतो, जागचा हलत न्हाई बघा." एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. मी पेढे आणले, पण तिने खाल्ले नाहीत. मला फार वाईट वाटलं. बापाने अशा वेळी काय बोलायचं असतं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

असो. लांबण लागली. अंडी ठीक आहेत, मंजू ठीक आहे, आम्ही ठीक आहोत. विहीणबाईंना नमस्कार, आपल्या गुडघ्यांना तेल, आणि माझ्या धिटाईला माफी असावी.

आपला,
मडिवाळप्पा

ता. क. नवीन पेटी पाठवू नये. पाणी आता आम्ही माशांनाच विचारतो. ते खातात, पळतात, अंडी घालतात, म्हणजे चांगलं आहे.

दुसरा ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. मुलीच्या बापाने व्याह्याला काही मागू नये, हे मला कळतं. पण आपण मुलीबरोबर मासे पाठवलेत, पाणी पाठवलंत, पेटी पाठवलीत, फक्त आमच्या जावयांना, अमरेशरावांना तेवढं ठेवून घेतलंत. ती बोलत नाही, पण तिला तेच हवे आहेत. रेल्वेच्या ऑफिसातून रजा मिळत असेल, तर या एका वेळेपुरती रीत बाजूला ठेवून त्यांना पाठवावं, अशी हात जोडून विनंती.

तिसरा ता. क. शुक्रवार. पाकीट डिंकाने चिकटवायच्या आत सकाळच्या एसटीने अमरेशराव स्वतःच येऊन दाखल झाले. आपल्याला ते ऑफिसच्या कामाने परभणीला गेल्याचं सांगून आले आहेत, असं कळलं. त्यांच्यावर रागावू नये. आपली रीत मोडलेली नाही, मी स्वतः लक्ष घातलं. त्यांना घराच्या दाराने न घेता दुकानाच्या शटरमधून घेतलं, आणि शटरला उंबरा नसतो. सध्या ते कॉटपाशी बसले आहेत आणि मंजू तेव्हा नाकारलेले पेढे खाते आहे. बारशापर्यंत हलणार नाही, असं ते म्हणतात. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी आणि त्यांचे चार कपडे पाठवावेत. अंगावरच्या कपड्यांनिशी आले आहेत. इथेच शिवून दिले असते, पण आमच्या दुकानात सगळे ब्लाउजपीस.